एकास पस्तीस

वैजनाथराव पतंग्यांच्या तीन पाणबुड्या, आठ लढाऊ विमानं, चार बाँबर, एक युद्धनौका आणि सहा रणगाडे वसमतच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकून पडले होते, त्याला अकरा दिवस झाले. वैजनाथराव रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गोदामात जात आणि दुपारी तोच शर्ट घामाने भिजवून रिकाम्या हाताने परत येत.

"माल कुणाचा?" गोदामातला माणूस रोज नव्याने विचारायचा.

"माझा. वैजनाथ पतंगे. निवृत्त कलाशिक्षक."

"आन् ह्याच्यात काय लिव्हलंय? सबमरीन, तीन नग. टँक, सहा नग. गुरुजी, मी लेकराबाळाचा माणूस हाय."

वैजनाथरावांनी नुसतं 'खेळणी आहेत' असं म्हटलं असतं तर माल पहिल्याच दिवशी सुटला असता. पण तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. खेळणं म्हणजे किल्ली दिली की पळणारा ससा. त्यांनी मागवले होते ते प्लास्टिकचे स्केल मॉडेल किट. खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप, रणगाड्यांचं पस्तिसाने आणि विमानांचं बहात्तराने भागून, साच्यातून काढलेले शेकडो सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, एकमेकांना चिकटवायचे, रंगवायचे, आणि महिन्याभराने हातात मूळ वस्तू जशीच्या तशी लहान होऊन येते. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवताना वैजनाथरावांनी एकाही पोराच्या चित्रातलं पाच बोटांऐवजी चार बोटांचं माणूस खपवून घेतलं नव्हतं. अशा माणसाने अचूक प्रतिकृतीला खेळणं म्हणायचं म्हणजे फार झालं. म्हणून ते गोदामात उभे राहून 'प्रमाणबद्ध प्रतिकृती' या विषयावर रोज अर्धा तास बोलत, आणि गोदामवाल्याचा संशय रोज थोडा वाढे.

बाराव्या दिवशी गोदामवाल्याने सांगितलं, "ठाण्याचं लिहून आणा."

ठाण्यातले हवालदार सज्जन होते. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, पावती नीट वाचली.

"बाँबर म्हणजे बाँब टाकणारं इमान ना?"

"हो, पण प्लास्टिकचं. वीतभर."

"मंग बाँब न्हाईत ह्याच्यात."

खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बाँब आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक विमानाला आठ. तेही प्लास्टिकचे."

"पण हायत."

"आहेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

शेवटी समोरच्या घरातले माणिकराव धावून आले. माणिकराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागद म्हटला की त्यांच्या अंगात अजून वारं शिरे. त्यांनी स्टँपपेपर आणवला आणि आपल्या हाताने मसुदा लिहिला: 'सदर पाणबुडी पाण्यात बुडते, परंतु चालत नाही. सदर रणगाडे तोफेसह असले तरी तोफेस आरपार भोक नाही. सदर बाँब फुटण्यास असमर्थ आहेत.' खाली वैजनाथरावांची सही, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. आपल्या हयातीत आपण असल्या मजकुराखाली सही करू असं वैजनाथरावांना कधी वाटलं नव्हतं. पण माल सुटला.

दुकान तयारच होतं, म्हणजे बायकोचं होतं. साधनाताईंचं बाजाराच्या रस्त्यावर ब्लाउज शिवायचं दुकान गेली पंधरा वर्षं छान चाललं होतं. त्यांनी काउंटरचा डावा अर्धा भाग नवऱ्याला दिला. हे दान त्यांनी आनंदाने केलं असं म्हणता येणार नाही. निवृत्तीनंतरच्या दोन महिन्यांत वैजनाथरावांनी घरातल्या सगळ्या भिंतींचे कोपरे गवंड्याच्या गुण्याने तपासून काटकोनात नाहीत असं सिद्ध केलं होतं, त्यामुळे तो माणूस घराबाहेर असणं त्यांना गरजेचं वाटलं. 'साधना लेडीज टेलर्स' या पाटीखाली वैजनाथरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'येथे विमाने, जहाजे व रणगाडे मिळतील.' पहिले चार दिवस लोक रस्त्यात थांबून पाटी वाचत, आत ब्लाउज बघत आणि पुढे जात.

शेजारी मोहनसिंगचं सायकलचं दुकान. त्याने पाचव्या दिवशी येऊन एक खोकं उघडून पाहिलं आणि आतले सुटे भाग उलटसुलट केले.

"गुरुजी, बुरा मत मानो," तो म्हणाला. "मैं सायकल का हँडल अलग, पायडल अलग, छर्रे अलग डिब्बे में डाल के बेचूँ, और बोलूँ के घर जा के बना लो, तो लोगां मेरेकू क्या बोलेंगे?"

"जोडण्यातच तर आनंद आहे, मोहनसिंग."

"वो आनंद के तो मैं पैसे लेता, गुरुजी. देता नहीं."

मोहनसिंगचं म्हणणं किती खरं होतं ते आठवड्याभरात कळलं. एका गृहस्थाने भाच्याच्या वाढदिवसाला लढाऊ विमान नेलं. पहिली विक्री म्हणून वैजनाथरावांनी त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत गृहस्थ पायरीवर हजर.

"सगळं फुटलेलं निघालं, गुरुजी. एक पंखसुद्धा धड न्हाई."

वैजनाथरावांनी त्यांना नकाशाचा कागद उलगडून सगळी प्रक्रिया समजावली. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे काम आमीच करायचं. मंग तुमी पैसे कशाचे घेतले?"

वैजनाथरावांचा अंदाज असा होता की लढाऊ विमानं धडाधड जातील, रणगाडे हळूहळू जातील आणि पाणबुड्या तेवढ्या राहतील. पाणबुड्या त्यांना नकोच होत्या. पण हैदराबादच्या घाऊक व्यापाऱ्याने अट घातली होती की विमानं हवी असतील तर दर चार विमानांमागे एक पाणबुडी उचलावी लागेल. पाणबुडी कुठेच खपत नाही, म्हणून तो ती सगळ्यांच्या गळ्यात मारायचा. इकडे खपायला लागलं ते भलतंच. रंगाच्या बोटभर बाटल्या! ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना त्या दिसल्या आणि सोनेरी रंग दोन दिवसांत संपला. कुणी देवाच्या मुकुटाला नेला, कुणी महालक्ष्म्यांच्या दागिन्यांना. 'बाई, हा दुसऱ्या महायुद्धातल्या इंजिनाच्या नळकांड्यांचा रंग आहे,' असं वैजनाथराव प्रत्येकीला बजावत. 'असू द्या, चमक चांगली हाय,' असं म्हणून जी ती घेऊन जाई.

एक युद्धनौकाही गेली. तिच्या खोक्यावर समुद्रातल्या वादळाचं मोठं देखणं चित्र होतं. घेणाऱ्याने काउंटरवरच ते झाकण कापलं, गुंडाळलं, काखेत मारलं आणि आतले चारशे भाग पुढे सारले. "बैठकीत फ्रेम करून लावतो. ह्ये ठेवा तुमालाच, कामाला येईल." त्या दिवशी वैजनाथराव जेवले नाहीत. साधनाताईंनी दोनदा विचारलं आणि मग डबा झाकून ठेवला.

अशा उतरलेल्या दिवसांत कोंडीबा आणि भागूबाई दुकानात आले.

ते शिरड शहापूरचे. बाजारासाठी वसमतला आले की भागूबाई साधनाताईंकडे ब्लाउज टाकत. माप देऊन झालं. पावती होईपर्यंत त्या डावीकडच्या खोक्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"ह्ये काय हाय ओ?"

"रणगाडा," कोंडीबांनी सांगितलं. "आपलं माऊली चालवतंय, त्येच."

भागूबाई खोक्याजवळ गेल्या. माऊली त्यांचा एकुलता एक. सैन्यात रणगाड्याचा ड्रायव्हर होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. राजस्थानात कुठेतरी होता. फोटो पाठवायची परवानगी नव्हती, आणि फोनवर तो 'नोकरी बरी हाय, जेवण बरं हाय' याच्या पलीकडे काही बोलत नसे. टीव्हीवर संचलनात रणगाडे येतात म्हणून भागूबाई दर सव्वीस जानेवारीला सकाळपासून बसायच्या. पण रणगाडा येईपर्यंत लाइट जायची, नाहीतर आला तरी डोळे पुसेपर्यंत निघून जायचा.

"उघडून दाखवता का, गुरुजी?"

वैजनाथरावांनी खोकं उघडलं. आत हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले शेकडो तुकडे होते. कुठे चाकं, कुठे पत्रे, कुठे तोफेची अर्धी नळी. भागूबाई बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ह्ये तं सगळं मोडून पडलंय," त्या म्हणाल्या.

वैजनाथरावांनी हे वाक्य त्या महिन्यात बऱ्याच वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी त्यावर एक व्याख्यान दिलं होतं. या वेळी त्यांना ते सुचलं नाही. त्यांनी घाईने झाकण लावलं. "मी जोडून देतो, बाई. पंधरा दिवसांनी या."

वास्तविक वैजनाथराव विमानांचे माणूस. आयुष्यात त्यांनी नऊ विमानं जोडली होती आणि ती सगळी घरात पंख्यापासून सुरक्षित अंतरावर टांगली होती. रणगाडा त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. पण जो उडती वस्तू करू शकतो त्याला जमिनीवर सरपटणारी वस्तू काय जड, असा त्यांचा हिशेब.

तो पहिल्याच दिवशी चुकला. चाकांभोवतीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मिळून दीडशेवर कड्या, प्रत्येक तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. तिसऱ्या दिवशी गोंद चष्म्याच्या काडीला लागला आणि चष्मा कानाला. पाचव्या दिवशी दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला, काउंटर हादरलं आणि तोफेची नळी घरंगळत साधनाताईंच्या मशीनच्या पायडलात गेली. सातव्या दिवशी एक छोटं चाक गायब झालं. दोघांनी मिळून सगळं दुकान झाडलं. चाक साधनाताईंच्या बटणांच्या डब्यात पडलं होतं, आणि एका गिऱ्हाईक बाईने सकाळीच 'हे नक्षीचं द्या' म्हणून ते निवडून ब्लाउजला लावून नेलं होतं. वैजनाथराव तिच्या घरी गेले. दारात उभं राहून परक्या बाईला 'तुमच्या ब्लाउजचं बटण परत द्या' असं कोणत्या शब्दांत सांगावं हे त्यांना कळेना. शेवटी ते मुलं किती, कोणत्या वर्गात, असं विचारून परत आले आणि चाकाच्या जागी एक काळं बटण बसवलं.

किटमध्ये एक अर्धा शिपाईही होता, कमरेपासून वरचा. वर घुमटासारख्या बुरुजावर दोन गोल झाकणं होती. त्यातलं एक उघडं ठेवून वैजनाथरावांनी शिपाई त्यात बसवला. संचलनात त्यांनी असंच पाहिलं होतं. माणूस छातीपर्यंत बाहेर, ताठ, सलामी देत. पुढच्या बाजूला खाली आणखी एक झाकण होतं. ते बंदच छान दिसत होतं म्हणून त्यांनी ते गोंद लावून पक्कं केलं.

पंधरा दिवसांनी भागूबाई आल्या. रणगाडा काउंटरवर पांढऱ्या कपड्यावर ठेवला होता. त्या आधी लांबूनच बघत राहिल्या. मग पदराने हात पुसून जवळ आल्या.

"खरा केवढा आसतो?"

"याच्या पस्तीसपट."

भागूबाईंनी वीत टाकून पाहिली आणि मनात काहीतरी हिशेब केला. मग त्यांनी तो चारी बाजूंनी निरखला, खाली वाकून, बाजूने, मागून.

"ह्याला खिडकी न्हाई का, गुरुजी?"

"नसते, बाई."

"मंग त्याला भाईरचं दिसतं कसं? मी फोनवर रोज इचारते, बाबा, आत गुदमरत न्हाई का. त्यो बोलतच न्हाई."

"गुदमरेल कसा? हे बघा." वैजनाथरावांनी बोट ठेवलं. "ड्रायव्हर इथे वर बसतो. डोकं बाहेर काढून."

"डोकं भाईर आसतं?"

"हो. छातीपर्यंत."

"मंग हवा लागत आसंल."

"लागते ना."

भागूबाईंनी एका बोटाने त्या शिपायाच्या डोक्याला हलकेच हात लावला, लेकराला झोपलेलं बघून लावतात तसा. मग रणगाडा पदराखाली घेतला आणि तसाच धरून स्टँडकडे गेल्या. बसमध्ये त्यांनी पिशवी खाली ठेवली, रणगाडा ठेवला नाही, असं कोंडीबांनी पुढे सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्याला वैजनाथराव अजिबात तयार नव्हते.

पहिल्यांदा सोजराबाई आल्या, त्याच गावच्या. त्यांची नात कोमल रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर लागली होती. त्यांना इंजिन पाहिजे होतं. "आन् तिला खिडकीत दावा, वेणी घातलेली." मग एकाचा भाऊ पुण्यात जेसीबीवर होता. एकाचा जावई पाण्याच्या टँकरवर. रोज शिरड शहापूरहून येणाऱ्या बसमधून कोणी ना कोणी उतरे, दुकानात येई आणि अजून जिचं किट जगात कुणी काढलेलं नाही अशी वस्तू मागे. लढाऊ विमानांकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

"अहो," साधनाताई एका दुपारी हातशिलाई करता करता म्हणाल्या, "वसमतमधून लढाऊ विमानात कोण बसलंय?"

"कुणी नाही. का?"

"काही नाही. आपलं विचारलं." आणि त्यांनी दोरा दाताने तोडला.

वैजनाथराव त्या दिवशी बराच वेळ त्या चार बाँबरांकडे पाहत बसले. संध्याकाळी त्यांनी एक रणगाडा उघडला, त्याचा बुरुज बाजूला ठेवला, पत्रे कापले आणि जेसीबीच्या कामाला लागले. हे पाप आहे हे त्यांना माहीत होतं. जेसीबीचं फावडं साबणाच्या डबीतून निघालं. रेल्वे इंजिनासाठी दोन बाँबरांची पोटं एकापुढे एक लावावी लागली. कोमलची वेणी त्यांनी मात्र घोड्याच्या केसाच्या ब्रशने, तीन पेडांची, मोजून काढली.

कळस संतरामने केला. संतराम हळद शिजवायचं यंत्र गावोगाव घेऊन फिरायचा. गाड्यावर चार मोठे ड्रम, मध्ये वाफेची टाकी, वर नळ्या; त्याला सगळे कुकरच म्हणत. हिंगोलीकडे हळद निघाली की त्याला दोन महिने श्वास घ्यायला फुरसत नसे. त्याला कुकरची प्रतिकृती पाहिजे होती. कारण त्याची होणारी सासुरवाडी विदर्भातली होती आणि त्या लोकांना 'पोरगा कुकर चालवतो' एवढंच कळलं होतं.

"त्यायला वाटतं मी सैपाकी हाय," संतराम कळवळून म्हणाला. "सोयरीक मोडायची पाळी आली, गुरुजी."

वैजनाथरावांनी ड्रम कशाचे करावेत म्हणून दुकानभर नजर फिरवली आणि ती पाणबुड्यांवर थांबली. गोल, लांबट, सुबक. दोन दिवसांत दोन पाणबुड्यांचे तुकडे होऊन चार ड्रम आणि एक टाकी झाली. पेरिस्कोपची शिट्टी झाली. संतरामने ते हातात घेतलं आणि आधी शिट्टीला फुंकर मारून पाहिली. पुढच्या आठवड्यात सोयरीक पक्की झाल्याचे पेढे आले, आणि मागोमाग आणखी एका दोन ड्रमच्या कुकरवाल्यासाठी तिसरी पाणबुडीही कापली गेली.

याचा परिणाम हैदराबादेत झाला. घाऊक व्यापाऱ्याने स्वतः फोन केला. "तीनों सबमरीन गए? सर, पूरे इंडिया में किसी का नहीं जाता!" वैजनाथरावांनी नको नको म्हणेपर्यंत बारा पाणबुड्या गाडीत चढल्यासुद्धा, आणि माणिकरावांना पुन्हा स्टँपपेपर आणावा लागला. या खेपेला त्यांनी 'सदर पाणबुड्यांचा वापर केवळ हळद शिजविण्यासाठी होणार आहे' असं एक कलम वाढवलं. ते कलम वाचून गोदामवाल्याने माल सोडायला आणखी आठ दिवस घेतले.

हे सगळं चालू असताना एका सकाळी मोटरसायकलवरून एक तरुण दुकानासमोर उतरला. बारीक कापलेले केस, पाठ सरळ. चपला पायरीवर काढून आत आला.

"सर, मी माऊली. भागूबाईचा."

वैजनाथराव उठून उभे राहिले. साधनाताईंनी खुर्ची पुढे केली. माऊली बसला नाही. सुट्टीवर येऊन त्याला तीन दिवस झाले होते. घरात देव्हाऱ्याशेजारी रणगाडा ठेवलेला त्याने पाहिला होता. आई रोज सकाळी देवाबरोबर त्यालाही कुंकू लावायची.

"काम लई भारी केलंय, सर. पट्टा तं हुबेहूब."

"एक चाक बटणाचं आहे," वैजनाथराव म्हणाले. ते लपवणं त्यांना जमलं नसतं.

माऊली हसला. मग त्याने फळीवरचं रणगाड्याचं खोकं खाली घेतलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "सर, हा वर बसलेला हाय ना, हा कमांडर. डायव्हर हितं आसतो. पुढं, खाली." त्याचं बोट त्या झाकणावर होतं जे वैजनाथरावांनी गोंदाने पक्कं केलं होतं. "झाकण लावलं का मंग काचेच्या एका फटीतून बघायचं. उन्हाळ्यात आत..." तो थांबला. "आत बसायचं, एवढंच."

एकतीस वर्षं. चार बोटांचं माणूस काढणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं. आणि इथे त्यांनी एका आईला तिच्या मुलाची जागाच चुकीची दाखवली होती, तीही बोट ठेवून.

"घेऊन ये," ते म्हणाले. "आजच्या आज घेऊन ये. मी झाकण कापतो, त्याला खाली बसवतो. चूक माझी आहे."

"न्हाई सर. मी त्याच्यासाठीच आलो." माऊलीने खोकं परत फळीवर, होतं तसं सरळ ठेवलं. "तुमी कधीतरी पुस्तकात बघाल, मंग आईला सांगाल, म्हणून आलो. बदलू नका."

"पण ते चूक आहे."

"आसू द्या. तीन वर्षं ती फोनवर एकच इचारायची, गुदमरत न्हाई का. मला काय सांगावं कळायचं न्हाई. मी फोन लवकर ठिवायचो, सर." तो पायरीकडे पाहत होता. "आता इचारत न्हाई. आता म्हणती, वाऱ्यात डोकं झाकत जा."

मशीनचा आवाज बंद झाला होता. साधनाताई हातातल्या कापडाकडे बघत होत्या. माऊलीने वाकून नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेला. जाताना त्याने मोहनसिंगकडे चाकात हवा भरून घेतली, तेवढा वेळ वैजनाथराव त्याच्या पाठीकडे बघत उभे होते.

पुढचे दहा दिवस त्यांच्या हातून एकही काम धड झालं नाही. जेसीबीचा हात उलटा बसला. गिऱ्हाईकाने 'असाच द्या' म्हटलं तरी त्यांनी तो मोडून पुन्हा बसवला, पुन्हा उलटा. माणिकरावांनी सल्ला दिला की चूक सुधारणारं शुद्धिपत्रक रीतसर टपालाने पाठवावं म्हणजे आपली जबाबदारी संपते. वैजनाथरावांनी एक पोस्टकार्ड लिहिलंसुद्धा. 'सौ. भागूबाई यांस, सप्रेम नमस्कार. आपल्याकडील रणगाड्यात...' पुढे पेन हलेना. त्यांनी कार्ड फाडलं.

माऊलीची सुट्टी संपली. तो गेल्यानंतरच्या बाजाराला भागूबाई आल्या, एकट्याच. त्यांनी पदराखालून रणगाडा काढून काउंटरवर ठेवला. शिपायाच्या डोक्यावर कुंकवाचा थर बसला होता. बाकी रणगाड्यावर धुळीचा कण नव्हता.

"गुरुजी, एक इचारायचंय." त्या पुढे वाकल्या. "आमच्या गल्लीत एक रिटायर फौजी हाय. त्यो काल बघून म्हणला, डायव्हर वर बसतच न्हाई. खाली आसतो, बंद खोलीत. म्हणला, गुरुजीनं चुकीचं दावलं तुला."

वैजनाथरावांनी समोरची खोकी एका रेषेत लावली.

"मी म्हणलं, त्ये शिकिवलेले हायत. एकतीस वर्षं लेकरायला शिकिवलंय त्यायनं. त्यायचं चुकायचं न्हाई." भागूबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी सांगा. त्यो वरच बसतो ना?"

साधनाताईंचा पाय मशीनवर थांबला. वैजनाथरावांनी रणगाडा हातात घेतला, फिरवून पाहिला. पुढचं बंद झाकण त्यांच्या अंगठ्याखाली आलं. त्यांनी अंगठा तसाच राहू दिला.

"वरच बसतो, बाई," ते म्हणाले.

"डोकं भाईर?"

"छातीपर्यंत बाहेर. त्या फौजींचा रणगाडा जुना असेल. हा नवा आहे."

भागूबाई खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "तिकडं थंडी लई पडती म्हणं. मी त्याला मफलर इणून देल्ती ह्या टायमाला. लाल. बॅगीत घातली का न्हाई कोणाला ठाव. ह्याच्या गळ्याला तेवढी काढता का?"

सैन्याच्या गणवेशात लाल मफलर बसत नाही, हे वैजनाथरावांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुसला, लाल रंगाची बाटली उघडली आणि ब्रशांतून सगळ्यात बारीक ब्रश निवडला.

"गाठ पुढे मारतो का मागे?"

"म्हागं," भागूबाई म्हणाल्या. "पुढं मारली का सुटती त्याची."